वाळवंटाचा फोटो: एडिटिंगमध्ये सकाळची दुपार होऊ नये म्हणून

वाळवंटातला माझा पहिला बरा फोटो सूर्योदयानंतर जेमतेम वीस मिनिटांनी काढलेला होता. वाळूच्या टेकडीची नागमोडी धार, एका अंगाला कोवळं ऊन, दुसऱ्या अंगाला गडद सावली आणि पायथ्याशी एकच काटेरी झुडूप. घरी आल्यावर मी त्यावर तीन तास घालवले. सावली उजळली, वाळूचा रंग चढवला, आकाश गडद केलं, लांबचा धुरकटपणा पुसून टाकला. मग मोठ्या हौसेने तो एका अनुभवी छायाचित्रकार बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनजवळ येऊन बघितलं आणि विचारलं, "हा भर दुपारी काढलात का?"

तेव्हा कानशिलं गरम झाली होती. नंतर तोच फोटो मी पाच-सहा वेळा नव्याने केला आणि दर वेळी कुणाला ना कुणाला दाखवला. त्यात जे उमगलं ते क्रमाने लिहितोय. वाळवंटाचा फोटो एडिट करायला तुम्ही पहिल्यांदाच बसत असाल, तर त्या बाईंचा प्रश्न स्क्रीनच्या कडेला चिकटवून ठेवा. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर तो कामाला येतो.

हाताशी काय हवं

- रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद. जेपेगमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. पहाटेच्या आकाशात छटा इतक्या सावकाश बदलतात की हा फरक तिथे लगेच उघडा पडतो. फक्त जेपेग असेल तरी काम होतं, पण हात आखडता ठेवावा लागतो.
- रॉ उघडणारं सॉफ्टवेअर. लाइटरूम असेल तर ठीकच; डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट मिळतात आणि या कामाला पुरून उरतात. फोनवर स्नॅपसीड चालेल.
- मध्यम उजेडावर ठेवलेला स्क्रीन. रात्री स्क्रीन पिवळा करणारा मोड आठवणीने बंद करा. तो चालू ठेवून मी एकदा अख्खा फोटो ‘थंड’ केला होता; सकाळी बघतो तर वाळू निळसर.
- मूळ फाइलची एक प्रत, वेगळ्या डिस्कवर.
- कागद-पेन. हसू नका, पहिल्याच पायरीला लागेल.

१. पहिली दहा मिनिटं नुसतं बघा

फाइल उघडा आणि माउस सोडून द्या. तिथे उभे होतात तेव्हा कशासाठी थांबलात, ते एका वाक्यात कागदावर लिहा. माझं वाक्य होतं: ‘धारेच्या अलीकडे ऊन, पलीकडे अंधार, आणि झुडपाची सावली झुडपाच्या कितीतरी पट लांब.’ या वाक्यात रंगाचा उल्लेखच नाही, हे मला फार उशिरा दिसलं. तीन तास मी रंगावरच घालवले होते.

मग हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे अंधारापासून उजवीकडे उजेडापर्यंत कुठल्या छटा किती आहेत ते दाखवणारा आलेख. वाळवंटाच्या फोटोत तो बऱ्याचदा मधे गोळा झालेला असतो, कारण वाळू आणि आकाश दोन्ही मधल्या उजेडाचे. तेवढ्यावरून फोटो बिघडला असं समजू नका. उजव्या टोकाला भिंतीला चिकटलेला डोंगर दिसला तर मात्र काळजी करा. प्रयत्नाने वाळूचे कण रगडून तेल गळेल एक वेळ, पण पांढऱ्याफटक जळालेल्या भागातून तपशील गळत नाही.

२. क्षितिज आणि क्रॉप

क्षितिज सरळ करणं सोपं वाटतं. वाळवंटात ते फसवं असतं, कारण टेकडीच्या तिरक्या उतारालाच आपण क्षितिज समजतो. सॉफ्टवेअरचं आपोआप सरळ करणारं बटणही हीच चूक करतं. लांबवर सपाट जमिनीची रेघ, आटलेल्या तळ्याचा काठ, असं काही असेल तर ते प्रमाण माना. काहीच नसेल तर झाडाचं किंवा माणसाचं उभेपण बघा.

क्रॉप करताना एकच विचारा: रिकामी जागा किती हवी? नवशिके, म्हणजे मीही, झुडपाच्या जवळ जवळ कापत जातात. मग झुडूप मोठं होतं आणि वाळवंट लहान. माझ्या फोटोत झुडूप फ्रेमच्या विसाव्या भागाइतकंही नव्हतं, आणि त्यातच मजा होती. आकाशात ढग नसतील तर त्याची वरची पट्टी मात्र बिनधास्त कापा.

क्रॉप म्हणजे कडा कापणं. आतल्या गोष्टी हलवणं वेगळं. ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर गिझाच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या चौकटीत बसावा म्हणून पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते. त्यावरून उठलेला वाद आजही छायाचित्रणाच्या वर्गांत सांगितला जातो.

३. एक्स्पोजर

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. कोरडी, फिकी वाळू त्याहून जास्त उजेड परत फेकते, म्हणून फोटो काळपट येतो. एक्स्पोजर साधारण पाऊण ते एक स्टॉप वाढवून बघा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्ससारखी जिप्समची पांढरी वाळू असेल तर त्याहूनही थोडं जास्त लागेल. वाढवताना उन्हाकडची धार जळत नाही ना, यावर लक्ष ठेवा. लागलं तर हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) थोडे खाली आणा.

शॅडोजचा, म्हणजे सावल्या उजळणारा, स्लायडर सध्या शून्यावरच राहू द्या. का ते पाचव्या पायरीत.

४. रंग, म्हणजे आधी व्हाइट बॅलन्स

व्हाइट बॅलन्स म्हणजे उजेडाच्या रंगाची भरपाई. ऑटो व्हाइट बॅलन्स पहाटेच्या पिवळेपणाला दोष समजतो आणि तो काढून टाकायला धावतो. त्यामुळे सुरुवात साधारण ५५०० केल्विनपासून (केल्विन हे उजेडाचा रंग मोजायचं एकक) करा, म्हणजे भर दिवसाच्या उजेडाच्या आकड्यापासून. तिथून बघितलं की सकाळ सकाळीसारखी पिवळी दिसते. इथे एक गोंधळ हमखास होतो. भौतिकशास्त्रात जास्त केल्विन म्हणजे निळा उजेड, पण स्लायडरचा आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो. कारण सॉफ्टवेअर त्या निळेपणाची भरपाई करत असतं.

सावल्या निळसर दिसतील. त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. उन्हाच्या बाजूला सूर्याचा उजेड पोचतो. सावलीत पोचतो तो फक्त आकाशाचा, आणि आकाश निळं आहे. उबदार ऊन आणि थंड सावली ही जोडीच बघणाऱ्याला सांगते की सूर्य आत्ताच वर आलाय. निळेपणा फारच अंगावर आला तर निळ्याचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) दहा-पंधराने उतरवा आणि थांबा.

आता वाळूचा रंग. सगळ्यांची गाडी इथेच घसरते. वाळू म्हणजे केशरी, हे आपल्या डोक्यात कॅलेंडरांनी बसवलंय. प्रत्यक्षात नामिब वाळवंटातल्या टेकड्या कणांवरच्या लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबूस आहेत, व्हाइट सँड्सची वाळू पांढरी आहे, आणि कितीतरी ठिकाणी ती निव्वळ मातकट, करडी असते. माझी फिकट पिवळी होती. ती मी इतकी रंगवली होती की एक मित्र म्हणाला, "वाळूला शेंदूर फासलायस का?"

करायचं काय, तर सॅच्युरेशनच्या सरसकट स्लायडरला हात न लावता रंगवार स्लायडरमध्ये जा. वाळू केशरी आणि पिवळा या दोन खान्यांत वाटलेली असते. दोन्ही आळीपाळीने टोकापर्यंत हलवून बघा, म्हणजे कुठला खाना टेकडीच्या कुठल्या भागावर चालतो ते कळेल. माझ्या फोटोत उन्हाची बाजू केशरीत होती आणि सावलीकडे वळणारा भाग पिवळ्यात. केशरीचं सॅच्युरेशन आठने उतरवलं आणि त्याचाच उजेड पाचने वाढवला, एवढ्याने शेंदूर गेला. रंग भडक केला की वाळूचा पोतही जातो, हा छुपा तोटा. हिस्टोग्राममध्ये फक्त लाल रंगाची रेघ बघा. ती उजवीकडे भिंतीला टेकली असेल तर उन्हातल्या वाळूवरच्या बारीक लहरी सपाट होऊन नुसता रंगाचा डाग उरलेला असतो. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसत असला, तरी हे घडू शकतं.

५. सावली (या पायरीला वेळ द्या)

वाळूला स्वतःची रेघ नसते. टेकडी दिसते ती एक बाजू उजळ आणि दुसरी अंधारी असल्यामुळे, आणि वाऱ्याने उमटवलेल्या लहरी दिसतात त्या प्रत्येकीच्या मागे इवलीशी सावली पडते म्हणून. सावली काढली की हातात फिकट कागद उरतो.

बाईंनी दुपार ओळखली ती इथूनच. कोरडी वाळू साधारण ३० ते ३४ अंशांपेक्षा जास्त उभी राहू शकत नाही, घसरते. त्यामुळे टेकडीची वाऱ्याआडची, तीव्र उताराची बाजू जवळजवळ याच कोनात असते. याचा अर्थ असा की सूर्य तिच्या नेमका मागे असला, तरी क्षितिजापासून ३४ अंशांच्या वर चढला की ती बाजूही उन्हात येते. गडद बाजू म्हणजे सूर्य अजून खाली असल्याचा पुरावा. मी शॅडोज ६० पर्यंत चढवले आणि तो पुरावाच पुसला. कोन वगैरे बाईंनी मोजला नव्हता अर्थातच. डोळ्यांना हे न मोजता कळतं.

तर शॅडोज एकदम न उचलता असं करा:

टोन कर्व्ह, म्हणजे कुठल्या छटा किती उजळ-गडद ते बदलणारी रेघ, उघडा आणि खालच्या पाव भागातला बिंदू किंचित खाली ओढा. सावली थोडी गडद होईल, होऊ द्या. मग ब्रशचा मास्क (बदल फोटोच्या निवडलेल्या भागापुरता ठेवणारं साधन) घ्या, कडा अगदी मऊ, जोर दहा टक्क्यांच्या आसपास. ज्या उतारावर ऊन पडलंय तिथे धारेलगत एक-दोनदा उजेडाचा हात फिरवा. दुसरा मास्क सावलीच्या बाजूला, तोही धारेलगतच, पण उलट, म्हणजे थोडं गडद करणारा. धार उठून येते. डार्करूममध्ये हेच काम प्रिंटवर हाताने उजेड अडवून किंवा जास्त देऊन करत असत. अमेरिकी छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांचं १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावी टिपलेलं चंद्रोदयाचं छायाचित्र घ्या. त्यांनी एकाच निगेटिव्हचे प्रिंट कित्येक वर्षं काढले. आधीच्या प्रिंटांत आकाश बरंच उजळ आहे आणि नंतरच्यांत जवळजवळ काळं.

क्लॅरिटी (मधल्या छटांतला उठाव वाढवणारा) आणि डीहेझ (धुरकटपणा काढणारा) हे दोन स्लायडर वाळवंटात विषासारखे जपून वापरा. लांबच्या टेकड्या फिकट आणि निळसर दिसतात, कारण मधे हवा आणि धूळ असते. डीहेझने ती पुसली की पाच किलोमीटरवरची टेकडी पन्नास मीटरवर येऊन उभी राहते. वापरायचाच असेल तर मास्क लावून फक्त मधल्या पट्ट्यावर, दहाच्या आत. जवळच्या लहरींसाठी टेक्श्चर बरा. तो बारीक तपशीलावर चालतो आणि उजेडाची रचना फारशी बिघडवत नाही.

६. आकाश

आकाश गडद करायला वरून खाली ग्रेडियंट (हळूहळू विरत जाणारा मास्क) ओढला की टेकडीचा माथाही त्यात सापडतो आणि काळवंडतो. त्या मास्कमधून टेकडी वजा करा. वजा करताना कड फार कडक ठेवली तर धारेभोवती पांढरी किनार उमटते, टेकडीला कुणी खडूने गिरवल्यासारखी. ही किनार शंभर टक्के झूमवर तपासा, आणि दिसली तर आकाशाचा बदल निम्मा करा. किनार लपवण्यापेक्षा हा उपाय सोपा.

वाइड लेन्सवर पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावला असेल तर आकाशात एका बाजूला गडद पट्टा येतो, कारण सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशावर त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. हा पट्टा एडिटिंगमध्ये नीट जात नाही. मी दोन संध्याकाळी घालवून हे शिकलो, तुम्ही घालवू नका.

रिकाम्या आकाशात पायऱ्यांसारखे पट्टे दिसले तर काम १६ बिटमध्ये चाललंय का ते बघा. शेवटी चिमूटभर ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) टाकला तरी ते विरतात.

७. डाग आणि पाऊलखुणा

वाळवंटात लेन्स बदलली की सेन्सरवर धूळ बसणारच. एफ/११, एफ/१६ अशा लेन्सच्या लहान छिद्राला ती आकाशात करड्या ठिपक्यांनी दिसते. टोन कर्व्हला तात्पुरता जोरदार बाक द्या, सगळे ठिपके उघडे पडतील. एका कोपऱ्यापासून सुरू करून ओळीने पुसा आणि मग बाक काढून टाका. (मी एकदा काढायला विसरलो.)

पाऊलखुणांचा निर्णय तुमचा. घरच्या भिंतीसाठी फोटो असेल तर पुसा. स्पर्धा किंवा वार्तांकनासाठी असेल तर आधी नियम वाचा. अशा बऱ्याच ठिकाणी फोटोतली वस्तू काढणं किंवा घालणं चालत नाही.

८. दोन दिवस झाकून ठेवा

एका बैठकीत डोळे भडकपणाला सरावतात. दोन दिवसांनी फाइल उघडा आणि पहिल्या तीन सेकंदांत जे खटकेल ते लिहून घ्या. मग सगळ्या बदलांचा जोर एकत्र सत्तर टक्क्यांवर आणून बघा. माझ्या बाबतीत दहापैकी आठ वेळा सत्तर टक्केच बरं दिसलं.

९. मत मागायला जा, पण रिकाम्या हाताने नको

‘कसा वाटला?’ असं विचारलं की ‘छान!’ एवढंच हाती लागतं. समोरच्याचा दोष नसतो. प्रश्नच तसा असतो. मी आता तीन गोष्टी बरोबर नेतो: मूळ न बदललेला फोटो, एडिट केलेला फोटो, आणि एक नेमका प्रश्न. ‘सावलीची बाजू फार काळी झाली का?’ हा प्रश्न चालतो. ‘डावीकडचं आकाश कापू का?’ हाही. पहिल्या पायरीला कागदावर लिहिलेलं वाक्य मात्र लगेच दाखवू नका. आधी समोरच्याला काय दिसतंय ते सांगू द्या, मग वाक्य काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. दोन्हींत जेवढं अंतर, तेवढं काम बाकी.

आणखी एक युक्ती. फोटोची काहीच माहिती नसलेल्या माणसाला विचारा, "हा किती वाजताचा असेल?" छायाचित्रणातलं त्याला ओ की ठो कळत नसलं तरी चालेल, किंबहुना तसाच माणूस शोधा.

मत ऐकताना स्पष्टीकरण देऊ नका. ‘तिथे वारा फार होता’, ‘ट्रायपॉड नव्हता’ हे सगळं खरं असलं, तरी फोटोच्या चौकटीत ते नाही. माझी जीभ फार शिवशिवते, म्हणून मी ऐकताना लिहून घेत बसतो.

१०. आलेली मतं चाळा

दोन जणांनी दोन बाजूंनी ओढलं तर काय करायचं? मला एकाने झुडूप काढून टाक म्हटलं आणि दुसऱ्याने ते मोठं कर म्हटलं. उपाय एकमेकांच्या उलट, पण तक्रार एकच होती: झुडपावर नजर ठरत नव्हती. झुडूप आहे तेवढंच ठेवलं, फक्त त्याच्या मागची वाळू किंचित उजळली. दोघांचीही तक्रार मिटली. म्हणून माणूस सुचवतो तो उपाय बाजूला ठेवा आणि त्याला कुठे अडखळलं ते पकडा. तीन जण एकाच जागी अडखळले तर ती जागा नक्की दुरुस्त करा, भले तुमचा जीव तिच्यातच अडकलेला असो.

चव वेगळी आणि चूक वेगळी. ‘मला कृष्णधवल आवडलं असतं’ ही चव झाली. ‘धारेभोवती पांढरी किनार आहे’ ही चूक आहे, आणि ती त्याच दिवशी सुधारा.

तुमच्यावर दुसऱ्याच्या फोटोबद्दल बोलायची वेळ आली तर कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांची चार पायऱ्यांची पद्धत सोपी आहे: आधी काय दिसतं ते सांगा, मग ते कसं रचलंय, मग त्यातून काय पोचतं, आणि सगळ्यात शेवटी बरं-वाईट. पहिल्या तीन पायऱ्यांतच समोरच्याला बरंचसं उमजलेलं असतं. आणि त्याच्या फाइलवर स्वतः एडिट करून दाखवायचं असेल तर आधी विचारा.

११. बाहेर काढताना

स्क्रीनसाठी फाइल एसआरजीबी या रंगव्यवस्थेत (कलर स्पेस) काढा. अॅडोबी आरजीबीमध्ये काढली तर काही अॅपमध्ये वाळू मेल्यासारखी दिसते, आणि मग माणूस परत सॅच्युरेशनकडे धावतो. लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवली तर बहुतेक ठिकाणी पुरते. शार्पनिंग आकार लहान केल्यानंतर, तेही आकाश वगळून. कागदावर छापायचा असेल तर आधी लहान आकाराचा एक नमुना काढा, कारण स्क्रीन मागून उजळलेला असतो आणि कागद नसतो. सावल्या तिथे हमखास जास्त गडद येतात. शॅडोजचा स्लायडर थोडासा उचलायचा तो इथे, आणि फक्त छापायच्या प्रतीत.

फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्तीचा आकडा घाला, जुन्या आवृत्त्या पुसू नका. माझी सहावी आवृत्ती मी त्याच बाईंना दाखवली. या वेळी त्यांनी वेळेबद्दल काही विचारलं नाही. डाव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही पाऊलखूण तुमचीच ना?" ती मी अजून पुसलेली नाही.